ध्यासाची भूक : पाव्हलॉव्ह यांचे शेवटचे पत्र

मराठी वाचकाला इव्हान पेत्रोविच पाव्हलॉव्ह यांचे नाव बहुधा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून ठाऊक झालेले असते, आणि तेथे ते एका कुत्र्याच्या, एका घंटेच्या आणि लाळेच्या काही थेंबांच्या सोबतीने येते. परीक्षा संपली की कुत्रा आणि घंटा लक्षात राहतात, माणूस मात्र विसरला जातो. हा माणूस २७ फेब्रुवारी १९३६ रोजी लेनिनग्राडमध्ये, ८६ वर्षांचा असताना, न्यूमोनियाने वारला, आणि त्याआधी थोडे दिवस त्याने विज्ञानाकडे वळणाऱ्या तरुणांसाठी एक पत्र लिहून ठेवले. छापील पानभराच्या या पत्रात त्याने तरुणांकडून तीन गोष्टी मागितल्या : कामातील क्रमबद्धता, नम्रता आणि ध्यास. यांपैकी ध्यासाविषयीचा भाग सर्वांत अधिक गाजला, कारण विज्ञान माणसाकडून त्याचे सगळे आयुष्य मागते आणि दोन आयुष्ये मिळाली तरी ती त्याला अपुरीच पडतील, अशा आशयाच्या वाक्याला भिंतीवर टांगले जाण्याचे भाग्य लाभतेच.

भिंतीवर गेलेले वाक्य पत्रातून सुटे होते आणि त्याचा अर्थही बदलतो. पत्रात ध्यास तिसऱ्या क्रमांकावर येतो. त्याच्या आधी क्रमबद्धतेचा दीर्घ परिच्छेद आहे : शिखरे चढण्यापूर्वी विज्ञानाची बाराखडी गिरवावी, मागचे पुरते हाताखाली आल्याखेरीज पुढच्याला हात घालू नये, ज्ञानातील उणीव चतुर तर्काने झाकू नये, आणि प्रयोगशाळेतील हलके, मळकट काम करण्याचा कमीपणा वाटून घेऊ नये. नंतर नम्रतेचा परिच्छेद येतो, आणि त्यानंतर अगदी थोडक्यात ध्यासाचा. त्यासाठी वापरलेला रशियन शब्द ‘स्त्रास्त’ असा आहे. या शब्दाला उत्कट ओढ असा अर्थ आहेच, शिवाय चर्चच्या भाषेत ख्रिस्ताने भोगलेल्या यातनांनाही तोच शब्द अनेकवचनात वापरतात. पाद्र्याच्या घरात जन्मलेल्या आणि तरुणपणी धर्मविद्यालयाच्या बाकावर बसलेल्या पाव्हलॉव्ह यांना या शब्दाची ती दुसरी बाजू ठाऊक नव्हती असे होणे शक्य नाही. तरीही ध्यासाचे विवेचन करताना त्यांनी यातनेची उपमा घेतली नाही. वीस वर्षांपूर्वीच्या एका व्याख्यानात त्यांनी ध्यासाची तुलना केली होती ती भुकेशी, आणि भूक या विषयाचा इतका बारीक अभ्यास त्या काळी जगात क्वचितच कोणी केला असेल. पत्रातील तिसऱ्या मागणीचा अर्थ लावायचा तर त्या अभ्यासापासूनच सुरुवात करावी लागते.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या र्‍याझान या गावी झाला. लहानपणी उंचावरून पडून झालेल्या दुखापतीमुळे त्यांचे शालेय शिक्षण उशिरा सुरू झाले, आणि वडिलांच्या मार्गाने जाण्यासाठी ते गावच्या धर्मविद्यालयात दाखल झाले. १८६० नंतरच्या त्या दशकात रशियातील तरुण पिढीला निसर्गविज्ञानाचे वेड लागले होते. दिमित्री पीसारेव्ह यांचे घणाघाती लेख आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान सेचेनोव्ह यांचे मेंदूच्या प्रतिक्षेपांवरील १८६३ मधील लेखन वाचून पाव्हलॉव्ह यांनी पौरोहित्याचा विचार सोडला आणि १८७० मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात आले. प्रतिक्षेप म्हणजे बाहेरच्या एखाद्या उद्दीपकाला शरीराने चेतासंस्थेमार्फत दिलेला ठरावीक प्रतिसाद. डोळ्यासमोर काही आले की पापणी मिटते, ती आपल्या विचाराची वाट पाहत नाही. मनाचे सगळे व्यापारही शेवटी अशाच प्रतिसादांतून उलगडतील, हे सेचेनोव्ह यांचे धाडसी विधान पाव्हलॉव्ह यांच्या डोक्यात पुढे तीस वर्षे मुरत राहिले.

ही तीस वर्षे सुखाची नव्हती. वैद्यकाचे शिक्षण, नामांकित वैद्य सेर्गेई बोत्किन यांच्या रुग्णालयाला जोडलेल्या लहानशा प्रयोगशाळेचा कारभार, १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्स्काया यांच्याशी विवाह, पैशांची सततची ओढाताण, पहिल्या अपत्याचा मृत्यू, मग लाइपझिगला कार्ल लुडविग आणि ब्रेस्लाऊला रुडॉल्फ हाइडेनहाइन यांच्या हाताखाली दोन वर्षे, आणि परत आल्यावर पुन्हा तीच लहान प्रयोगशाळा. प्राध्यापकपद मिळाले ते १८९० मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर. पुढच्या वर्षी राजधानीत नव्याने स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचा विभाग त्यांच्याकडे आला आणि तेथून त्यांच्या कामाला खरा वेग आला.

त्या वेळी पचनाचा अभ्यास करण्याची रूढ पद्धत अशी होती की प्राण्याला टेबलावर बांधून, जिवंतपणी उघडून, ग्रंथींची क्रिया तेवढ्यात पाहून घ्यायची. वेदना, रक्तस्राव आणि भीती यांमुळे प्राण्याचे सगळे व्यापार विस्कळीत झालेले असत, आणि मिळालेली माहिती निरोगी शरीराची असण्याऐवजी मरणपंथाला लागलेल्या शरीराची असे. पाव्हलॉव्ह दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करणारे शल्यविशारद होते. त्यांनी कुत्र्याला भूल देऊन, निर्जंतुक वातावरणात शस्त्रक्रिया करून, जखमा भरू देऊन, त्यानंतर धडधाकट झालेल्या प्राण्यावर महिनोन्महिने निरीक्षण करण्याची पद्धत प्रस्थापित केली. तिला ते दीर्घकालीन प्रयोग म्हणत. क्रमबद्धतेचा पत्रातील आग्रह या शस्त्रक्रियेच्या खोलीतून आलेला आहे, कारण येथे घाईने काही मिळण्याजोगे नव्हते. टाके सुटले, नळी सरकली, पू झाला की महिन्यांचे काम वाया जाई.

१८८९ मध्ये येकातेरिना शुमोवा-सिमानोव्स्काया यांच्या सोबत त्यांनी केलेला प्रयोग पाहण्याजोगा आहे. कुत्र्याची अन्ननलिका मानेत कापून तिची दोन्ही टोके कातडीला शिवली, म्हणजे गिळलेला घास पोटात न जाता मानेतील भोकातून बाहेर पडे. आणि जठराला बाहेरून एक नळी बसवली, म्हणजे तेथे पाझरणारा रस भांड्यात जमा करता येई. अशा कुत्र्यापुढे मांस ठेवले की तो आवडीने खात राही, घास भांड्यात पडत राही, आणि जठरात अन्नाचा कणही पोहोचलेला नसताना साधारण पाच मिनिटांनी नळीतून स्वच्छ, आम्ल जठररस वाहू लागे. मेंदूपासून जठराकडे जाणाऱ्या व्हेगस चेता कापल्या की हा ओघ थांबे. अर्थ स्पष्ट होता : पोटाला कामाला लावणारी पहिली सूचना अन्नाच्या स्पर्शातून येत नाही, ती अन्नाच्या इच्छेतून येते. त्या रसाला पाव्हलॉव्ह यांनी भुकेचा रस म्हटले, आणि चूल पेटवण्यासाठी आधी टाकलेल्या चिपाट्यांसारखे त्याचे कार्य आहे या कल्पनेने त्याला पेटवणारा रस असेही नाव दिले.

चिंचेचे नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते हे मराठी घरात कोणालाही सांगावे लागत नाही, आणि पोटात कावळे ओरडू लागले की जेवणाची गोडी वाढते हेही नाही. मग यात नवे ते काय, असा प्रश्न पडू शकतो. नवे हे की जी गोष्ट वैद्यकाने रुग्णाच्या लहरीत जमा केली होती तिला मिलिलिटरमध्ये मोजता येणारे शारीरिक अस्तित्व मिळाले. इच्छा ही आता ग्रंथींच्या कामाची पहिली पायरी ठरली. १८९४ मध्ये पाव्हलॉव्ह यांनी जठराचा एक लहान कप्पा चेतातंतू शाबूत ठेवून वेगळा करण्याची अवघड शस्त्रक्रिया साधली. हाइडेनहाइन यांनी पूर्वी केलेल्या अशाच कप्प्यात चेता तुटत असत. ज्या कुत्र्यावर ती यशस्वी झाली त्याचे नाव द्रुझोक, म्हणजे लहानगा मित्र, असे होते. ब्रेड, मांस आणि दूध या तीन अन्नांना जठर तीन वेगवेगळ्या चालींनी रस पुरवते, हे या आणि अशा कुत्र्यांवरून दिसले. ते काम १८९७ मधील व्याख्यानांच्या पुस्तकात आले आणि १९०४ मध्ये पाव्हलॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले रशियन.

या यशाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कुत्र्यांची काळजी घेतली जाई हे खरे असले तरी पुष्कळ कुत्रे शस्त्रक्रियेत किंवा नंतर दगावले, आणि जे जगले ते गळ्यात भोक घेऊन जगले. प्रयोगशाळेतील काही कुत्र्यांचा जठररस गाळून अपचनाच्या रुग्णांना औषध म्हणून विकला जाई व त्यातून संशोधनाचा बराच खर्च निघे. १९३५ मध्ये संस्थेच्या बागेत कुत्र्याचे एक स्मारक उभारण्यात आले; ऋण मान्य करण्याची ती रीत होती, फेडण्याची नव्हे. माणसांच्या श्रमाची गोष्टही अशीच आहे. १८९१ ते १९०४ या काळात या प्रयोगशाळेत सुमारे १०० सहकारी काम करून गेले आणि त्यांतले बहुतेक पदवीसाठी दोनेक वर्षांपुरते आलेले डॉक्टर होते, ज्यांना शरीरक्रियाविज्ञानाचे पूर्वशिक्षण नव्हते. विषय पाव्हलॉव्ह देत, पद्धत त्यांची असे, निष्कर्षावर अंतिम हात त्यांचा फिरे, आणि चूक झाली तर त्यांचा आवाज साऱ्या इमारतीत ऐकू जाई. इतिहासकार डॅनियल टोड्स यांनी या व्यवस्थेला कारखाना म्हटले आहे आणि ते यथार्थ आहे. ध्यास एकाचा होता. बाकीचे त्या ध्यासाच्या वेळापत्रकावर काम करत होते. पत्रात सामूहिक कामात माझे-तुझे उरत नाही असे जे म्हटले आहे, ते ज्याच्या नावावर कारखाना चालतो त्याला म्हणणे सोपे असते, एवढी नोंद येथे करून ठेवणे योग्य.

नम्रतेविषयी मात्र त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवून दिले की स्वादुपिंडाकडे जाणाऱ्या चेता तोडल्या तरी लहान आतड्यात आम्ल पोहोचताच स्वादुपिंड रस सोडते, कारण आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात मिसळते आणि निरोप घेऊन जाते. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. अशा निरोप्या द्रव्यांना आज संप्रेरके म्हणतात. पचनाचा सगळा कारभार चेतांमार्फत चालतो या पाव्हलॉव्ह यांच्या मताला हा सरळ धक्का होता. त्यांचे शिष्य बोरिस बाबकिन यांनी लिहून ठेवले आहे की पाव्हलॉव्ह यांनी तो प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून घेतला, तो जमल्याचे पाहिले, काही न बोलता अभ्यासिकेत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि म्हणाले की इंग्रजांचे बरोबर आहे, सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण घेतलेला नाही. अर्धा तास लागला, ही गोष्ट या हकिकतीत सर्वांत विश्वसनीय वाटते.

एव्हाना त्यांचे लक्ष जठरावरून लाळेकडे वळले होते. अन्न तोंडात पडण्याआधी, नुसते ताट दिसल्यावर किंवा अन्न आणणाऱ्या नोकराची पावले ऐकू आल्यावर लाळ का सुटते, हा प्रश्न पूर्वी मानसिक स्राव म्हणून बाजूला ठेवला जाई. पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्याच्या मनात काय चालले असेल यावर तर्क करण्याचे सोडून थेंब मोजायला घेतले, आणि १९०३ मध्ये माद्रिदच्या वैद्यकीय परिषदेत नवी भूमिका मांडली : एखादा तटस्थ उद्दीपक अन्नाच्या जरा आधी वारंवार येत राहिला की तो अन्नाची सूचना बनतो, आणि त्याला मिळणारा प्रतिसाद हाही एक प्रतिक्षेपच असतो, फक्त तो काही अटींवर जन्मतो आणि त्या अटी मोडल्या की मावळतो. मराठीत त्याला अभिसंधित प्रतिक्षेप म्हणतात. मूळ रशियन शब्दाचा सरळ अर्थ सशर्त असा आहे आणि तो अधिक बोलका आहे. घंटेचे म्हणाल तर ती प्रयोगशाळेत क्वचितच वाजली. तालमापक यंत्र, हार्मोनियम, दिव्याचा उजेड, कातडीवरील हलका स्पर्श यांचा उपयोग अधिक होई, कारण त्यांचे प्रमाण नेमके ठेवता येते.

ध्यासाच्या संदर्भात या कामातील एक उपकथा लाळेपेक्षा महत्त्वाची आहे. चेतासंस्थेत उत्तेजनाइतकेच काम निरोधनाला, म्हणजे प्रतिसाद आवरून धरण्याला, असते असे पाव्हलॉव्ह यांना दिसून आले. वर्तुळ दिसल्यावर अन्न मिळते आणि लंबवर्तुळ दिसल्यावर मिळत नाही, हा भेद कुत्रा शिकतो तेव्हा तो वर्तुळाला लाळ सोडायला शिकतो तसाच लंबवर्तुळाला ती रोखायलाही शिकतो. १९१४ च्या सुमारास त्यांच्या सहकारी शेंगर-क्रेस्तोव्निकोवा यांनी लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाच्या जवळ आणत नेले. दोन अक्षांचे प्रमाण ९ : ८ झाले तेव्हा कुत्र्याला भेद धड जमेना, तीन आठवडे रेटून सराव घेतल्यावर जेवढे जमत होते तेही गेले. इतके दिवस चौकटीत शांत उभा राहणारा प्राणी किंचाळू लागला, अंगावरची उपकरणे ओरबाडू लागला, आणि पूर्वी सहज ओळखता येणारे ढोबळ लंबवर्तुळही त्याला ओळखता येईनासे झाले. त्याला पुन्हा पहिल्या, सोप्या भेदापासून आणावे लागले. या अवस्थेला पाव्हलॉव्ह यांनी प्रायोगिक चेताविकृती असे नाव दिले. सप्टेंबर १९२४ मध्ये नेवा नदीच्या पुराचे पाणी कुत्र्यांच्या खोल्यांत शिरले, पिंजऱ्यांच्या छताशी डोके टेकलेल्या कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावे लागले, आणि त्यांतल्या काहींचे पक्के झालेले प्रतिक्षेप त्या भीतीने पुसले गेले, तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. चेतासंस्थेच्या सोसण्याला मर्यादा असते, आणि ती ओलांडली की मिळवलेलेही हातचे जाते. पत्रात मागचे पक्के झाल्याखेरीज पुढचे घेऊ नका असे जे सांगितले आहे, त्याला गुरुजनांच्या नेहमीच्या उपदेशापेक्षा हा आधार भक्कम आहे.

आता ते व्याख्यान. जानेवारी १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, पेट्रोग्राडला, म्हणजे पूर्वीच्या सेंट पीटर्सबर्गला आणि पुढच्या लेनिनग्राडला, भरलेल्या प्रायोगिक शिक्षणशास्त्राच्या परिषदेत पाव्हलॉव्ह ‘ध्येयाचा प्रतिक्षेप’ या विषयावर बोलले. त्यांनी उदाहरण घेतले संग्राहकांचे. तिकिटे, नाणी, काड्यापेट्या, काहीही जमवणारा माणूस त्या वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट श्रम आणि पैसा तिच्यामागे घालवतो. वस्तू क्षुल्लक असू शकते, ओढ मात्र क्षुल्लक नसते. ते स्वतः लहानपणापासून फुलपाखरे आणि वनस्पती जमवत आले होते, नंतर तिकिटे आणि चित्रेही, त्यामुळे हे उदाहरण त्यांना परके नव्हते. ही ओढ म्हणजे अन्नाच्या ओढीच्या जातीचीच एक जन्मजात प्रवृत्ती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या आयुष्याला सतत जवळ येणारे पण पूर्ण कधीच हाती न लागणारे ध्येय आहे, किंवा जो एक ध्येय गाठून तेवढ्याच उत्साहाने दुसऱ्याकडे वळतो, त्याचे आयुष्य त्यांना सुंदर आणि बळकट वाटत होते. माणूस आत्महत्येकडे वळतो तेव्हा पुष्कळदा हीच प्रवृत्ती आधी विझलेली असते, असेही त्यांनी सुचवले.

यापुढचा भाग मात्र एरवीच्या उपदेशांत सापडत नाही. भुकेला जसे आवर्तन असते तसे ध्येयाच्या ओढीलाही असते, असे पाव्हलॉव्ह म्हणतात. जेवण झाले की काही काळ अन्नाकडे पाहवत नाही, मग हळूहळू पुन्हा भूक लागते. तसेच काम तडीस गेले की काही काळ उदासीनता येणे स्वाभाविक असते आणि तिला घाबरण्याचे कारण नसते. दुसरे, फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाची भूक मरते, आणि अडथळ्यांनी सर्व बाजूंनी कोंडल्या गेलेल्या माणसाची ध्येयाची ओढही तशीच मरते. मात्र अडथळे मुळीच नसतील तर ती जन्मच घेत नाही. रशियन माणसात चिकाटी कमी दिसते याचे खापर त्यांनी स्वभावावर न फोडता भूदासप्रथेवर फोडले. १८६१ पर्यंत चाललेल्या या प्रथेत शेतकरी जमीनदाराच्या मालमत्तेचा भाग असे, त्यामुळे भूदासाला स्वतःचे ध्येय ठेवण्याची सोय नव्हती आणि जमीनदाराला श्रम करण्याची गरज नव्हती. एकाची भूक उपासमारीने मेली, दुसऱ्याची अतिभोजनाने. आणि मेलेली भूक अल्पशा, नियमित आहाराने परत आणता येते, तशी ही ओढही अभ्यासाने परत आणता येते, असा त्यांना विश्वास होता.

हे सगळे शास्त्रीयदृष्ट्या कितपत टिकते? ध्येयाच्या प्रतिक्षेपाचे थेंब कोणी मोजले नाहीत. पाव्हलॉव्ह यांनी एरवी ज्या काटेकोरपणाचा आग्रह धरला तो येथे नाही. प्रतिक्षेप हा शब्द येथे सिद्धान्तापेक्षा रूपकाचेच काम करतो, आणि एका सामाजिक इतिहासाला दोन वाक्यांत पोटाच्या भाषेत बसवणे धाडसाचे आहे. तरीही निरीक्षण म्हणून ते मोलाचे आहे, कारण ज्याला लोक प्रतिभेची देणगी समजतात त्या ध्यासाला येथे पोसण्याची, सांभाळण्याची आणि विश्रांती देण्याची वस्तू मानलेले आहे.

पाव्हलॉव्ह स्वतः असेच जगत. वर्षातील कामाचे महिने घड्याळाच्या काट्यावर चालत, पण उन्हाळा आला की अनेक वर्षे ते कुटुंबासह फिनलंडच्या आखातावरील सिलामाए या गावी जात आणि दोन-तीन महिने शरीरक्रियाविज्ञानाला हात लावत नसत. तेथे फुलांचे वाफे खणणे, सायकल आणि गोरोद्की हा खेळ चाले. गोरोद्कीत लाकडाच्या पाच लहान दंडगोलांची एक आकृती मांडतात आणि दुरून दांडा फेकून ती चौकोनाबाहेर उडवतात. या खेळात पाव्हलॉव्ह यांचा उत्साह आणि हरल्यावरचा संताप प्रयोगशाळेतल्यासारखाच असे. दोन आयुष्ये अपुरी पडतील असे लिहिणाऱ्या माणसाने दरवर्षी हाती असलेल्या एका आयुष्यातून इतके महिने बाजूला काढले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. त्यांच्या हिशेबी तो भूक परत येण्याचा काळ होता.

क्रांतीनंतरच्या वर्षांत या ओढीची खरी उपासमार झाली. १९१८ ते १९२० या काळात पेट्रोग्राडमध्ये अन्न आणि सरपण मिळेनासे झाले, प्रयोगशाळेतील कुत्रे भुकेने मेले, आणि सत्तरीचे पाव्हलॉव्ह संस्थेच्या आवारात भाजीपाला पिकवत होते. १९१९ मध्ये त्यांचा एक मुलगा मरण पावला, दुसरा क्रांतीविरोधी श्वेत सैन्यात लढत होता. क्रांतीच्या दिवसांत रस्त्यावरील गोळीबारामुळे उशिरा आलेल्या सहायकाला त्यांनी प्रयोगशाळेत काम असताना क्रांतीचे निमित्त कसले सांगतोस म्हणून झापले, अशी एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ती खरी असो वा रचलेली, तिच्यातून उभा राहणारा जगाचे भान नसलेला तपस्वी खऱ्या पाव्हलॉव्ह यांच्याशी जुळत नाही. त्यांना जगाचे भान चांगलेच होते. १९२० मध्ये त्यांनी देश सोडण्याची परवानगी सरकारकडे मागितली. जगद्विख्यात वैज्ञानिक निघून जाणे नव्या राजवटीला परवडणारे नसल्याने २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिन यांच्या सहीने एक खास फर्मान निघाले आणि पाव्हलॉव्ह यांच्या संशोधनाची, शिध्याची व निवासाची तरतूद झाली. मदत घेऊनही त्यांनी जीभ गहाण ठेवली नाही. डिसेंबर १९३४ मध्ये लेनिनग्राडचे पक्षप्रमुख किरोव्ह यांच्या हत्येनंतर धरपकड वाढली तेव्हा त्यांनी सरकारला पत्र लिहून देशावर पसरलेल्या दहशतीचा उघड निषेध केला. तरुणांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात मात्र मातृभूमीने विज्ञानासाठी खुल्या केलेल्या विस्तीर्ण क्षेत्राचे कौतुक आहे. वार्धक्यात त्यांचा सूर निवळला होता, लेनिनग्राडजवळ कोल्तुशी येथे सरकारने त्यांच्यासाठी विज्ञानाचे आख्खे गाव उभारले होते, आणि ऑगस्ट १९३५ मध्ये लेनिनग्राडला भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाविज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. यांपैकी कशाचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राजवटीने पत्राचा आणि पत्र लिहिणाऱ्याचा उपयोग करून घेतला. १९५० च्या उन्हाळ्यात मॉस्कोत विज्ञान अकादमी आणि वैद्यकीय अकादमी यांचे संयुक्त अधिवेशन भरले आणि तेथे पाव्हलॉव्ह यांची शिकवण हा शरीरक्रियाविज्ञानाचा एकमेव योग्य मार्ग ठरवण्यात आला. त्यांचे स्वतःचे शिष्य लेओन ऑर्बेली आणि प्योत्र अनोखिन यांच्यावर गुरूपासून ढळल्याचा आरोप ठेवला गेला. ज्याने आपल्याला सगळे कळले असे कधीही समजू नका म्हणून बजावले होते, त्याच्याच नावाने सगळे कळल्याचा दाखला काढण्यात आला.

वास्तविक त्या अखेरच्या वर्षांत पाव्हलॉव्ह आपलीच मांडणी पुन्हा तपासत होते. १९३३ मध्ये कोल्तुशीला राफाएल आणि रोझा हे दोन चिंपांझी आले. उंचावर टांगलेले फळ मिळवण्यासाठी ते खोकी एकावर एक रचत, मनोरा डगमगला की खोक्यांची जागा बदलून पाहत, आणि हे सगळे ऐंशी ओलांडलेले पाव्हलॉव्ह जवळ उभे राहून बघत. दर बुधवारी सहकाऱ्यांबरोबर होणाऱ्या बैठकीत ते या माकडांविषयी बोलत, आणि त्यांच्या बोलण्याची शब्दशः टिपणे घेतली जात. अशाच एका बैठकीत ते म्हणाले की फळासाठी मनोरा रचणाऱ्या माकडाच्या कृतीला अभिसंधित प्रतिक्षेप म्हणता येणार नाही. वस्तूवस्तूंमधील खरा संबंध पकडण्याची, ज्ञानाचीच ती सुरुवात आहे. ज्या संकल्पनेवर त्यांनी पस्तीस वर्षे घातली होती तिची हद्द त्यांनी स्वतः आखली होती. बुधवारच्या बैठकींची ती टिपणे तीन खंडांत १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे मॉस्कोचे अधिवेशन भरले तेव्हा हे वाक्य छापून झाल्याला वर्ष लोटले होते.